'आधी' हा शब्दच तिथे चालत नाही
"जग घडवण्याआधी देव काय करत होता?" हा प्रश्न जुनाच आहे. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथनाच्या 11व्या भागात तो घेतलाय. 'खोदून विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता' हा विनोद त्याच्या नावावर खपवतात. खरं तर तो हे उत्तर नाकारतो. काळही निर्मितीचाच भाग, मग 'आधी' आणायचं कुठून?

आणि देव अनादि आहे हे दाखवायला बायबलमधल्या नुसत्या 'सर्वकाळ' शब्दावर भिस्त नको. मूळ हिब्रू 'ओलाम' निर्गम 21:6 मध्ये कान टोचलेल्या दासाच्या चाकरीलाही वापरलाय, म्हणजे फार तर जन्मभर. स्तोत्र 90:2 भक्कम ठरतं ते पर्वत, पृथ्वी, जग यांच्याही पूर्वी देवाला ठेवल्यामुळे. तिथेही 'पूर्वी' आहेच म्हणा, पण कवितेला तेवढी सूट द्यावी.