बैठकीत सासूला बसवा, गाडी आधी ठरवा

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) गरोदर बायकांच्या बैठका घेतात, तरी बाळंतपणं घरीच होतात, अशी तक्रार असते. आधी बैठकीत कोण बसतं ते बघा. दवाखान्यात जायचं की नाही हे सासू आणि नवरा ठरवतात. नुसत्या गरोदर बायका गोळा करून काय होणार?

आठवा महिना लागला की प्रत्येकीचं कागदावर लिहून घ्या: गाडी कोणाची, रात्री चालवणार कोण, सोबत कोण आणि घरची लहान पोरं कोणाकडे. पोरांचं हमखास राहून जातं आणि त्यापायीच बाईचा पाय घरातून निघत नाही. पावसाळ्यात नाला अडवणार असेल तर कळांची वाट न बघता आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (बाळंतपणाआधी येऊन राहायची जागा) हलवा.

दवाखान्यातून आल्यावर गाव ढिलं पडतं, हे फार वाईट. आशाताईच्या घरभेटी बाळ जन्मल्यापासून ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. वजन करताना रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. बाळ अडीच किलोच्या आत भरलं तर अंघोळ लांबवा, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. तळपाय गार, दूध ओढणं मंद, छाती आत जातेय, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०२ किंवा १०८.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या गरोदर बाईचं माता-बाल कार्ड तिच्याच पिशवीत हवं, मुकादमाकडे नको.