स्वेटर धुतल्यावर मोठा झाला आणि मोज्यांची जोडी जुळेना, उसवू की ठेवू?

लोकरगुंडा

नमस्कार मंडळी, दोन गोष्टी एकदम विचारतेय कारण दोन्ही एकाच वेळी समोर येऊन पडल्यात.

पहिला स्वेटर. गळ्यापासून खाली विणत जायचा रॅगलन आहे, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषेत बाह्या जोडलेला, गोल सुईवर, कुठेही शिवण नाही. लोकर मेरिनो, लेबलवर सुपरवॉश लिहिलंय. पॅटर्नचा गेज, म्हणजे विणीचं माप, 10 सेमीत 20 टाके आणि 28 ओळी, सुई 4 मिमी. मी आधी सरळ सुयांवर छोटा चौकोन विणून मोजला होता, बरोब्बर 20 टाके आले म्हणून तर सुरुवात केली. छातीला 200 टाके म्हणजे 100 सेमी घेर, माझं माप 90, म्हणजे अंगाला न चिकटता बसायला हवा होता आणि विणताना मधेमधे घालून बघायचे तेव्हा बसत पण होता एकदम छान. टाके बंद केले, धुतला, आणि पाण्यातून उचलतानाच कळलं की काहीतरी बिनसलंय, सुकल्यावर मोजला तर घेर 111 सेमी, बाह्या बोटांवर येतायत आणि गळा खांद्यावरून घसरतोय. विणताना इतका सुंदर दिसत होता हो, आता कपाटात घडी करून ठेवलाय आणि बघवत नाहीये.

दुसरं म्हणजे मोजे. 64 टाके, 2.5 मिमी सुई, वरून सुरुवात, टाचेला फ्लॅप, म्हणजे टाचेमागची वेगळी विणलेली पट्टी. पहिला मोजा झकास झाला, तो बांबूच्या पाच सुयांवर विणला होता. मग मधे स्वेटरचं काम चाललं होतं म्हणून दुसरा बराच नंतर घेतला, तोपर्यंत स्टीलची लांब गोल सुई आणली होती तिच्यावर मॅजिक लूपने, म्हणजे सुईच्या लांब तारेचा फास बाजूला काढून, विणला. टाके तेवढेच, ओळी मोजून तेवढ्याच, तरी दुसरा घट्ट आणि आखूड झालाय. शिवाय दोन्ही मोज्यांना टाचेच्या कोपऱ्यात भोक पडलंय, जिथे फ्लॅप संपून बाजूचे टाके उचलतो ना, तिथे.

सगळं उसवायचं का? उसवायला हात धजत नाहीये खरं सांगायचं तर.

उलटसुलट

ताई, आधी स्वेटरचं बोलते कारण त्यात कारण अगदी सरळ आहे. तुमचे टाके विणताना बरोबरच होते, पॅटर्नही बरोबर. पण चौकोन धुतला होता का? तुमच्या लिहिण्यावरून तरी नसावा असं वाटतंय. सुपरवॉश लोकरीत सगळा खेळ धुतल्यावरच कळतो.

साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं, म्हणून तर साधी लोकर मशीनला लावायची भीती वाटते. सुपरवॉश करताना ते खवले रसायनाने काढून टाकतात किंवा वरून पॉलिमरचा पातळ थर देतात. त्यामुळे आटायचं थांबतं, पण तंतू एकमेकांना धरून बसायचेपण थांबतात. कापड ओलं झालं की टाके घसरतात, मोकळे होतात, वरून पाण्याचं वजन त्यांना ओढतं. छोट्या चौकोनाला वजन नसतं, अख्ख्या स्वेटरला असतं, म्हणून माझ्या मते चौकोन निदान 15 सेमीचा तरी हवा, आणि सुकवून मग मोजायचा, कडेचे टाके सोडून मधले मोजायचे.

आता हिशोब बघा. 200 टाके आणि घेर 111 सेमी म्हणजे आता तुमचा गेज 18 आहे. 20 चा 18, फक्त दोन टाक्यांचा फरक, पण तो दर 10 सेमीला लागतो आणि छातीपर्यंत 11 सेमी होतो. ओळींचंही तसंच, 28 च्या 26 झाल्या असतील तर 126 ओळींची बाही 45 ऐवजी साडेअठ्ठेचाळीस होते, म्हणून ती बोटांवर येतेय. टाके जुळले की झालं असं समजून ओळींचा गेज कुणी बघतच नाही, आणि रॅगलनमध्ये तर काखेची खोली सगळी ओळींवरच असते.

अजून एक, चौकोन सरळ सुयांवर आणि स्वेटर गोल. सरळ विणताना एक ओळ सुलट एक उलट, गोल विणताना सगळ्या सुलट. बऱ्याच जणींचा हात उलट टाक्याला थोडा सैल पडतो, त्यामुळे त्याच सुईवर दोन्हीकडे वेगळा गेज येऊ शकतो. गोल विणायचं असेल तर चौकोनपण गोलच विणावा.

उसवायच्या आधी एकच करून बघा. लेबलवर ड्रायर चालतो असं लिहिलं असेल तरच, स्वेटर ओला करून टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, कमी तापमानावर थोडा वेळ ड्रायरमध्ये फिरवा, सारखं उघडून बघत राहा, थोडा दमट असतानाच काढा आणि सपाट जागेवर मापाला जमवून सुकवा. सुपरवॉश बऱ्यापैकी आत येतो याने. फक्त पुढच्या प्रत्येक धुण्याला तेच करावं लागेल हे लक्षात ठेवा. आणि ओला स्वेटर हँगरवर कधीच टांगायचा नाही, कुठलीही लोकर असो.

दोनसुया

मोज्यांचं मी सांगते, माझं सगळं विणणं मोज्यांचंच असतं.

बांबूच्या पाच सुया आणि स्टीलची गोल सुई, तुमचं उत्तर तिथेच आहे. दोन्हींवर 2.5 लिहिलेलं असलं तरी हात बदलतो. बांबूवर टाका थोडा अडतो, स्टीलवर सरकतो, आणि सरकतोय म्हणून बऱ्याच जणी नकळत दोरा आवळून धरतात. काहींचं याच्या उलट होतं, स्टीलवर सैल पडतं. त्यात मधे तुम्ही 4 मिमीच्या सुईवर जाड लोकर विणत होतात, त्या सवयीचा हात घेऊन परत बारीक लोकरीवर आलात. ओळी तेवढ्याच असून मोजा आखूड झाला यावरूनच कळतं की प्रत्येक टाका लहान झालाय. म्हणजे मोजण्यात काही चुकलेलं नाही, उगाच परत परत ओळी मोजत बसू नका.

दुसरा मोजा उसवा आणि पहिला ज्या सुयांवर केला त्याच बांबूच्या सुयांवर करा, तेही लगेच, मधे दुसरं काही न घेता. पुढच्या जोडीला दोन्ही मोजे एकाच लांब गोल सुईवर शेजारी शेजारी विणून बघा, दोन गुंडे लागतात आणि सुरुवातीला दोरे गुंततात, पण दोन्ही एकाच वेळी संपतात आणि एकाच हाताचे होतात. ते नको असेल तर एकाचा पाय झाला की दुसऱ्याचा पाय, मग टाच टाच, असं पुढेमागे चालवा. आणि दर 10 फेऱ्यांनी वेगळ्या रंगाचा सुती दोरा मधल्या टाक्यातून घालत जा, दोन्ही मोजे समोरासमोर धरले की कुठे फरक पडतोय ते तिथल्या तिथे दिसतं.

भोकाचं. फ्लॅप 32 टाक्यांवर 32 ओळी असेल आणि दर ओळीचा पहिला टाका न विणता उचलला असेल तर कडेला 16 लांब टाके मिळतात, ते उचलायचे आणि फ्लॅप आणि पायाच्या वरच्या भागामधे जी फट दिसते तिथून एक जास्तीचा उचलायचा, म्हणजे एका बाजूला 17. हा टाका फटीच्या थेट दोऱ्यातून उचलू नका, त्याने भोक अजून मोठं होतं, खालच्या ओळीतला दोरा घ्या आणि पिळून विणा, म्हणजे मागच्या बाजूने. टाचेचे टाके घटवताना हा जास्तीचा आपोआप जातो. पहिल्या मोज्याचं भोक उसवू नका, आतल्या बाजूने त्याच लोकरीने सुईने गोल टाके घेऊन ओढून टाका, बाहेरून काही कळत नाही.

मापाचंपण बघून घ्या एकदा. 64 टाके आणि गेज 32 असेल तर घेर 20 सेमी होतो, पंजाचा घेर 22 च्या आसपास असला तर छान बसतो. मोजा पायापेक्षा साधारण 10 टक्के कमी घेराचाच हवा, लांबीलाही एखादा सेमी कमी, ताणला जाऊन बसला की घसरत नाही आणि आत चुण्या पडून टाच घासत नाही, मोजा लवकर फाटायचं मोठं कारण हे घासणंच असतं. लोकर कुठली आहे? 75 टक्के लोकर 25 टक्के नायलॉन असेल तर बरंच टिकतं, नुसती मऊ मेरिनो असेल तर टाचेला आणि अंगठ्याला बारीक नायलॉनचा दोरा बरोबर घेऊन विणा.

गोलसुई

मी थोडं वेगळं सांगते. स्वेटर सगळा उसवायची घाई करू नका. वरून खाली विणलेला आहे ना, मग बाह्या आणि खालचा भाग तर टाके बंद केलेत तिथून सोडून हव्या तेवढ्या ओळी काढून परत बंद करता येतात, पाऊण काम तिथेच होतं. गळ्यावर आतून क्रोशाची एक ओळ घातली की तो घसरायचा थांबतो. घेर मोठा राहील पण सैल स्वेटर म्हणून वापरता येईल की. इतक्या तासांचं काम आहे ते, अंगावर आलं पाहिजे. नाहीच जमलं तर बाजूने मशीनची शिलाई मारून जास्तीचं कापून टाकायचं, नॉर्वे आणि शेटलंडचे लोक गोल विणलेला स्वेटर पुढून कापून कार्डिगन करतातच.

उलटसुलट

गोलसुई, बाही आणि लांबीचं पटतंय, पण कापायचं या लोकरीत नको. शेटलंडची लोकर खरखरीत असते, टाके एकमेकांना धरून बसतात म्हणून कापलं तरी उसवत नाही. सुपरवॉश मेरिनो निसरडी आहे, नुसत्या एका शिलाईवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. आणि छातीला 11 सेमी जास्त असेल तर काखेत जो झोल येतो तो बाही आखूड करून जात नाही. ड्रायरने नाही आला तर उसवून परत विणलेला बरा, लोकर चांगली आहे, वाया थोडीच जातेय.

ऊनसावली

मी ॲक्रिलिकवाली. एवढंच सांगायचंय की वरचा ड्रायरचा किंवा वाफेचा कुठलाही उपाय ॲक्रिलिकवर करू नका कुणी हा धागा वाचून. गरम इस्त्री किंवा जोराची वाफ लागली की ॲक्रिलिकचे टाके कायमचे ढिले लोळागोळा होतात, रिबचा, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या ताणल्या जाणाऱ्या काठाचा, ताण जातो तो परत येत नाही. लोकरीला चालतं ते याला चालत नाही.

लोकरगुंडा

किती छान समजावलंत सगळ्यांनी! चौकोन धुतलाच नव्हता, हो. सुया बदलल्याचं तर डोक्यातच आलं नाही, नंबर एकच होता म्हणून.

मोजा कालच उसवला, बांबूवर परत सुरू केलाय, रिब झाली आणि पहिल्या मोज्याशी धरून बघितली तर तंतोतंत. स्वेटर लेबल बघून ड्रायरमध्ये फिरवला, घेर 111 चा 107 झाला, त्याहून आत येत नाहीये. तेव्हा तो उसवायचाच ठरवलंय. आता दोन प्रश्न. उसवलेली लोकर कुरळी होते तिचं काय करायचं, आणि परत विणताना टाके कमी घेऊ की सुई बारीक घेऊ?

उलटसुलट

दोन्ही रस्ते चालतात पण कापड वेगळं होतं. 18 च्याच गेजवर विणायचं तर 100 सेमीला 180 टाके लागतील, म्हणजे पॅटर्नमधलं 180 टाक्यांचं छोटं माप घ्यायचं, पण त्याच्या ओळींवर न जाता काखेची खोली आणि बाहीची लांबी सेमीमध्ये मोजून विणायची. कापड पहिल्यासारखंच झुळझुळीत राहील. सुई 3.5 घेतली तर कापड घट्ट विणलं जाईल आणि धुतल्यावर कमी पसरेल. सुपरवॉशला मी नेहमी घट्टच विणते, अंगावर आकार टिकतो. दोन्ही सुयांवर गोल चौकोन करा, धुवा, सुकवा, मग ठरवा.

पॅटर्नचं माप जुळत नसेल तर विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमनची टक्केवारीची पद्धत वापरा, छातीचे टाके 100 टक्के धरायचे आणि बाकी सगळं त्यावरून काढायचं. 180 टाक्यांना मनगट 20 टक्के म्हणजे 36, बाहीचा वरचा घेर साधारण 33 टक्के म्हणजे 60 च्या आसपास, गळा 40 टक्के म्हणजे 72. सुरुवातीचा अंदाज म्हणून फार उपयोगी आहे, नंतर आपल्या हाताप्रमाणे दोनचार टाके इकडेतिकडे करायचे.

दोनसुया

कुरळ्या लोकरीचं मी सांगते. उसवताना गुंडा करू नका, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून मोठी लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैलसर बांधा, कोमट पाण्यात न चोळता अर्धा तास ठेवा, टॉवेलने दाबून पाणी काढा आणि टांगून सुकवा. काही जणी खाली वजन लावतात, तसं करू नका, लोकर ताणली जाते आणि मग चौकोनाचा गेज खोटा येतो. पूर्ण सुकली की मगच गुंडा करा, तोही सैल.

आणि वेगवेगळे गुंडे असतील तर दोन दोन ओळी आलटून पालटून विणत जा, एकदा धुतलेल्या आणि न धुतलेल्या लोकरीच्या रंगात फरक दिसू शकतो. बाहीसाठी न वापरलेला गुंडा शिल्लक असेल तर तोपण याच्याबरोबरच धुवून घ्या.

लोकरगुंडा

एक गुंडा शिल्लक आहे, तोपण भिजत घातला. लड्या टांगल्यात, उद्यापर्यंत सुकतील. 3.5 मिमीच्या सुईवर आधी चौकोन करणार, 15 सेमीचा, गोल. धुवून सुकला की मापं इथेच टाकते.