मदत हवी आहे: मॉडेल युएनमध्ये मालदीव मिळालंय, पोरगी घाबरून राहिली

नमस्कार मंडळी, माझी पोरगी अकरावीत आहे, पुढच्या शनिवारी तिची मॉडेल युएन (पोरं एकेका देशाच्या वतीने बोलतात ती संयुक्त राष्ट्रांची नकली सभा) आहे, विषय हवामान बदल आणि एआयसारख्या टेक्नॉलॉजीमुळे होणारी उलथापालथ, अन् देश आला मालदीव. आता रोज रात्री चिडचिड करून राहिली, म्हणे एवढ्याशा देशाचं कोण ऐकणार.

समुद्राचा मुद्दा जमतो तिला. बरीचशी बेटं जेमतेम एक मीटर उंच, २००९ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली होती, हे तर तोंडपाठ झालं (आंघोळीतही तेच ऐकू येतं). २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना वर्षाला ३०० अब्ज डॉलर द्यायचं ठरलं, तेही २०३५ पर्यंत, त्यावरही बोलणार आहे.

अडलंय ते एआयपाशी. डेटा सेंटरला वीज अन् पाणी भरमसाट लागतं हे कळतं, कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तर तिला रोज बसमधून दिसतात, पण मालदीवच्या तोंडून हे मांडायचं कसं? अन् मोठ्या देशांच्या ठरावात दुरुस्ती सुचवताना भाषा कशी ठेवायची?

नागपुरात धरमपेठ, सीताबर्डीकडे कोणी आधी अशा सभेत डेलिगेट (देशाचा प्रतिनिधी) राहिलं असेल तर रविवारी तासभर सराव घ्याल का? चहा-तर्रीपोहे आमच्याकडे.