मदत हवी आहे : चौदा महिन्यांची मुलगी बसूनच सरकते, उभी राहायला तयार नाही

नेरुळ_सेक्टरवासी

नमस्कार. आमची मुलगी आता १४ महिन्यांची आहे. ती गुडघ्यांवर कधी रांगलीच नाही. आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसू लागली आणि पुढे बसल्या बसल्याच एक पाय पुढे टाकून, एका हाताने जमीन रेटत, बुडावर सरकायला शिकली. या पद्धतीने ती स्वयंपाकघरापासून बाल्कनीच्या दारापर्यंत इतक्या झपाट्याने पोहोचते की, उभे राहण्याची तिला गरजच वाटत नसावी. बगलेत हात घालून उभे केले, तर पाय जमिनीला टेकवण्याऐवजी ती दोन्ही गुडघे वर घेते आणि हवेतच बसल्यासारखी राहते. बाकीची वाढ वेळेवर आहे : हाक मारली की वळून पाहते, हवी ती वस्तू बोट दाखवून मागते, ‘आजी’ आणि ‘दे’ हे शब्द स्पष्ट म्हणते, चिमटीत भाताचे शीत उचलते.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दिवसभर मुलीजवळ माझ्या सासूबाई असतात. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या असल्यामुळे गावाहून लाकडी पांगुळगाडा मागवावा, असे त्यांनी मनावर घेतले आहे. नणंदेने तिच्या मुलाचा चाकांचा गोल वॉकर पाठवला आहे; मुलाला मध्ये बसवायचा, तो प्रकार. मालिशवाल्या मावशींच्या मते पायांत बळ नाही आणि व्हिटॅमिन डीची पुडी द्यायला हवी. सोसायटीतल्या मैत्रिणी वाजणारे बूट घाला म्हणतात. प्रत्येकीचा सल्ला मायेपोटी आलेला असल्यामुळे नाही म्हणणे अवघड जाते, पण सगळेच एकदम करून पाहावे असेही वाटत नाही.

बसून सरकणारी मुले चालायला उशीर करतात का, आणि किती उशिरापर्यंत थांबणे योग्य? वॉकर आणि पांगुळगाडा यांत खरोखर काही फरक आहे का? आमच्या घरात सगळीकडे गुळगुळीत विट्रिफाइड फरशी आहे. तिच्यावर काही अंथरावे का? पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखवणारच आहोत, पण त्याआधी जाण्याची गरज असल्यास तेही कृपया सांगावे.

घोडबंदर_फिजिओ

मी लहान मुलांसाठी भौतिकोपचार करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मात्र मुलीला न पाहता लिहीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यांत दिल्लीतली मुलेही होती. त्यानुसार आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका लांबरुंद आहे आणि सुमारे चार टक्के मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती. त्यामुळे केवळ वय पाहिले, तर तुमची मुलगी अजून मर्यादेत आहे. बुडावर सरकणारी मुले बहुधा आणखी उशिरा, कधी दीड वर्षानंतरही चालतात. उभे करताच गुडघे वर घेऊन हवेत बसणे ही या मुलांची ओळखीची खूण आहे. घरातले आणखी कोणी लहानपणी असेच सरकत होते का, हे वडीलधाऱ्यांना विचारून पाहा, कारण ही सवय अनेकदा घराण्यात आढळते.

तरीही लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका, असेच मी म्हणेन. वर्ष उलटूनही मूल पायांवर अजिबात भार घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांनी खुब्यांचे सांधे, स्नायूंचा ताण आणि दोन्ही बाजूंची हालचाल एकदा तपासलेली बरी. ती नेहमी एकाच बाजूने सरकते का, मांड्यांवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, लंगोट बदलताना एक पाय कमी उघडतो का, हे आधी पाहून ठेवा. ती जन्माच्या वेळी पायाळू होती का? मुलगी असणे आणि गर्भात पायाळू स्थितीत असणे या दोन्ही गोष्टींमुळे खुब्याचा सांधा नीट न बसण्याची शक्यता वाढते. आधी येत असलेली एखादी गोष्ट मूल विसरू लागले, किंवा पाय ताठ व कडक वाटू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

व्हिटॅमिन डीबद्दल मावशींची शंका अगदीच अनाठायी नाही. मुडदूस, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या कमतरतेने हाडे मऊ होण्याचा आजार, झालेली मुले उशिरा चालतात आणि त्यांची मनगटे रुंद दिसतात. मात्र पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट हे नेहमीचे प्रमाण असते आणि औषधांच्या दुकानात मिळणारी पुडी ६०,००० युनिटांची असते. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

आता घरी काय करायचे ते. वरून दोन्ही हात धरून चालवणे बंद करा, कारण त्यात मूल पुढे झुकते आणि तोल सांभाळण्याचे काम आपणच करतो. त्याऐवजी तिला तुमच्या मांडीवर किंवा ठेंगण्या स्टुलावर असे बसवा की, तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. समोर तिच्या छातीइतक्या उंचीवर खेळणे ठेवा आणि तिला पुढे वाकून त्यावर हात टेकवू द्या. सुरुवातीला नुसते बूड उचलले तरी पुरे. पायांवर भार येण्याची सवय अशा बसण्या-उठण्यातून लागते. तेवढे जमले की खेळणे दिवाणावर थोडे बाजूला सरकवत न्या, म्हणजे ती कडेकडेने पावले टाकील. आजींना हे एकदा करून दाखवले की दिवसभरात खेळता खेळता होऊन जाते. वेगळी व्यायामाची वेळ ठरवून मुलीला रडवू नका.

पाचपाखाडी_आजोबा

वॉकर आणि पांगुळगाडा एकाच माळेचे मणी समजू नयेत. पांगुळगाड्याच्या मागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते आणि दांडा धरून त्याला ढकलते. वॉकरमध्ये ते झोळीत बसून बोटांच्या टोकांनी जमीन ढकलते आणि स्वतःचे पाय त्याला दिसतही नाहीत. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी घातली आहे, ती मुख्यतः जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे. आपल्या फ्लॅटमध्ये जिना नसला, तरी न्हाणीघराचा उंबरठा, गरम चहाचा कप आणि इस्त्रीची लोंबती वायर असतेच, आणि वॉकरमधले मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर जाते. आपण हात पुढे करेपर्यंत ते तिथे पोहोचलेले असते. नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून वॉकर दाराआड उभा ठेवण्यात काहीच गैर नाही.

पांगुळगाडासुद्धा आत्ता उपयोगाचा नाही. मूल फर्निचर धरून स्वतः उभे राहू लागले की मग तो द्यावा, कारण गुळगुळीत फरशीवर हलका गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटते. आमच्या नातवाच्या गाड्यावर आम्ही तांदळाची पिशवी बांधली होती, त्याने त्याचा वेग आटोक्यात राहिला.

वाशी_दोनमुलींचीआई

आमची धाकटी हुबेहूब अशीच सरकत असे. थोरली बाराव्या महिन्यात चालली होती, त्यामुळे तुलना करून आम्ही जीव टांगणीला लावला होता. धाकटी वीस महिन्यांची झाली तेव्हा आधार सोडून चालली. मध्यंतरी तपासणी झालेली असल्यामुळे वाट पाहणे सोपे गेले, इतकेच मी सांगू शकते.

फरशीबद्दल अनुभवाने लिहिते. आमच्या विट्रिफाइड फरशीवर सरकणे तिला इतके सोपे जाई की, ती दुसरे काही करून पाहतच नसे. दिवाणाच्या कडेने फोमच्या जोडपट्ट्या अंथरल्यावर तिथे बूड सरकेनासे झाले आणि ती हातांनी वर ओढून घेऊ लागली. सतरंजी किंवा गोधडी नको, ती पायाखालून निसटते. मोजे आणि बूट घरात काढून ठेवा, कारण अनवाणी तळव्यांना जमीन कळते आणि बोटांची पकडही बसते. वाजणाऱ्या बुटांचे तळ बहुधा कडक असतात. बाहेर नेताना बोटांनी सहज वाकवता येईल अशा मऊ तळव्याचा बूट पुरे. पाऊस नसेल तेव्हा सकाळी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानातल्या हिरवळीवर बसवून पाहा. काही मुले गवताच्या स्पर्शाने पाय वर घेतात, तसे झाल्यास हट्ट धरू नये.

आणि पडण्याची धास्ती घेऊ नका. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळातली चाल मोजली, तेव्हा ती तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. दर वेळी आपण “अगं बाई!” म्हणून ओरडलो, तर मूल पडण्यापेक्षा आपल्या ओरडण्यालाच जास्त घाबरते. टेबलाचे कोपरे तेवढे झाकून घ्या.

नेरुळ_सेक्टरवासी

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी पायाळू होती आणि त्यामुळेच सिझेरियन करावे लागले होते. हे आत्ताच्या डॉक्टरांना सांगायचे आम्हाला सुचले नव्हते, कारण प्रसूती दुसऱ्या रुग्णालयात झाली होती. काल त्यांना दाखवून आलो. पाय दोन्ही बाजूंना सारखे उघडतात आणि कुठेही ताठरपणा नाही, स्नायू किंचित सैल आहेत, असे त्यांनी सांगितले. तरी पायाळू असल्याचे ऐकून खुब्यांचा एक्स-रे काढायला सांगितला आहे. या वयात सोनोग्राफीपेक्षा एक्स-रेमध्ये सांधा नीट दिसतो म्हणे. रक्ताची तपासणी झाल्यावरच व्हिटॅमिन डीचे प्रमाण ठरेल.

सासूबाईंना इथले सगळे वाचून दाखवले. यजमानही लहानपणी बसूनच सरकत होते आणि पावणेदोन वर्षांचे होईपर्यंत चालले नव्हते, हे त्यांनी तेव्हा प्रथमच सांगितले! पांगुळगाडा मात्र त्यांनी मागवलाच आहे. तो मुलगी उभी राहीपर्यंत माळ्यावर ठेवायचे ठरले आहे.

घोडबंदर_फिजिओ ताई, एक शंका राहिली. स्टुलावरून बूड उचलताना ती सगळा भार उजव्या पायावर टाकते आणि डावी टाच वर ठेवते, आणि सरकतानाही उजवाच पाय पुढे असतो. हा सवयीचा भाग समजावा, की एक्स-रेचा अहवाल घेऊन जाताना डॉक्टरांना मुद्दाम दाखवावे? मोबाइलवर तिचे चित्रण करून ठेवले आहे.

घोडबंदर_फिजिओ

अवश्य दाखवा, आणि चित्रणही सोबत न्या, कारण दवाखान्यात मुले हटकून वेगळीच वागतात. सतत एकाच बाजूने सरकणाऱ्या मुलांत त्या पायावर भार टाकण्याची ओढ दिसते, पण सांधा ठीक असल्याचे कळेपर्यंत तिला सवय म्हणून सोडून देऊ नये. अहवाल येईपर्यंत स्टुलावरचा खेळ तिच्या मर्जीने चालू ठेवा आणि खेळणे थोडे डावीकडे ठेवा. टाच हाताने दाबून खाली टेकवू नका.