आठवीतल्या मुलाला स्काऊटला घालावं का? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

खानापूरची आई:
नमस्कार. माझा मुलगा आठवीत, गावातल्याच मराठी शाळेत. यंदा शाळेत स्काऊटचं पथक सुरू होतंय. सरांनी चिठ्ठी पाठवलीय: गणवेश, स्कार्फ, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास, आणि दिवाळीनंतर तीन दिवसांचं शिबिर. घरात एकमत होईना. ह्यांचं म्हणणं, एसएसएलसी (दहावीची परीक्षा) तोंडावर आलीय, शनिवार गणिताच्या ट्यूशनला द्यावा. सासूबाईंना तंबूत झोपवायची भीती, आमच्याकडं रान लागूनच आहे, साप-किरडू फिरतंय.

माझी काळजी वेगळी. पोरगं हुशार आहे पण फार बुजरं. घरी पाहुणे आले की परड्यात जाऊन बसतो. बाजारात कानडी बोलायची वेळ आली की मला पुढं करतो. स्काऊटमध्ये गेल्यावर अशा मुलात खरंच फरक पडतो का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

निवृत्त मास्तर, चिकोडीकडचा:
ताई, पडतो. बावीस वर्षं पथक चालवलंय, म्हणून बोलतो. पण फरक कवायतीनं पडत नाही. सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा नायकही त्यांच्यातलाच. सरपण, पाणी, स्वयंपाक, तंबू, सगळं त्यांनीच वाटून घ्यायचं. मास्तरांनी हात मागं बांधून उभं राहायचं. हे मास्तरांना सगळ्यात जड जातं, मलाही गेलं.

एक शिबिर सांगतो. मराठी आणि कानडी शाळांची मुलं एकत्र होती. आम्ही मुद्दाम संघ मिसळले. 1907 साली स्काऊट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनी इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, त्यातही बड्या घरची आणि कामकऱ्यांची मिळून वीस मुलं चार संघांत मिसळली होती. आमचा तुमच्या मुलासारखाच एक गप्प पोरगा कानडी मुलांच्या संघात पडला. पहिल्या दिवशी जेवलासुद्धा नाही नीट. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस झाला, लाकडं भिजली, आणि चूल पेटवायची पाळी नेमकी त्याची. मी लांबून बघत होतो. दोन काड्या विझल्या. मग त्यानं ओल्या फाट्याची साल चाकूनं सोलली, आतला कोरडा गाभा तासून बारीक ढलप्या काढल्या, त्यांची झोपडी रचली, आणि जमिनीला गाल टेकवून फुंकर घातली. जाळ धरला तसा उठून ओरडला, "बेंकी हत्तितु!" सगळा संघ धावत आला. ते दोन शब्द त्यानं आदल्या रात्री शेकोटीजवळ ऐकले होते. तीन दिवसांत अक्की (तांदूळ), नीरु (पाणी), उप्पु (मीठ) करत त्याचं कानडी सुरू झालं. वर्गात दोन वर्षं बसून झालं नव्हतं. भात थोडा कच्चा राहिला होता, पण सगळ्यांनी चाटून-पुसून खाल्ला.

अभ्यासाचं म्हणाल तर प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय अशा पायऱ्या सावकाश चढता येतात. दहावीच्या वर्षी शिबिरं कमी केली तर कुणी रागावत नाही. रेल्वेत स्काऊट कोटा आहे हे खरं, पण त्यासाठी घालू नका.

आणखी एक, मी दरवर्षी पहिल्या बैठकीत मुलांना सांगायचो. भारतातलं पहिलं पथक 1909 साली बेंगळुरात निघालं, पण तेव्हा आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. 1916 साली ॲनी बेझंटबाईंनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संस्था काढली तेव्हा दार उघडलं. आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स 7 नोव्हेंबर 1950 ची. एवढ्या खटपटीनं मिळालेली जागा आहे, मुलानं ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

एक पालक, बेळगाव:
मास्तरांचं पटलं, पण आधी चौकशी करा. माझ्या मुलीच्या शाळेत पथक नुसतं कागदावर होतं. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला उन्हात उभं करायचे, बाकी वर्षभर काही नाही. तिनं सोडलं. सरांनी प्रशिक्षण घेतलंय का, आणि दर आठवड्याला बैठक खरंच होते का, एवढं विचारा.

माजी गाईड, निपाणी:
अक्का, मी मुलींच्या गाईड पथकात होते. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी बारावीला. शेजारच्या आजींना चालता येत नव्हतं. दोन वेळू आणि दोन शर्ट घेतले, शर्ट उलटे करून बाह्यांतून वेळू घातले, बटणं लावली, झालं स्ट्रेचर. मोठी माणसं ओरडत होती आणि मी सांगत होते, कुणी कुठं धरायचं. माझ्या कमरेला दोर होता, बोलाईन गाठीचा. ती गाठ कितीही ओढली तरी आवळत नाही, म्हणून माणसाला बांधायला तीच. आदल्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करत नव्हते.

शिबिराचं सासूबाईंना सांगा: जागा साफ करून तंबू मारतात, रात्री पाळीनं पहारा असतो.

खानापूरची आई:
सगळ्यांचे आभार. शाळेत जाऊन आले. सरांचं प्रशिक्षण झालंय, बैठकीची वहीही दाखवली. ट्यूशन रविवारी करून घेतली. दोन शनिवार झाले आता. काल संध्याकाळी पोरगं गोठ्यात बराच वेळ होतं, म्हणून बघायला गेले. वासराचं दावं सोडून त्यानं गळ्यात बोलाईन मारली होती. सासूबाईंनी दोर दोनदा ओढून बघितला, फास आवळत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "आता म्हशीलाबी हीच मार."