टीमसेंटर मल्टीसाइट: रेप्लिका आयटमची ओनरशिप आपल्या साइटवर कशी आणायची?

वेर्णाकर:
नमस्कार मंडळी. आमचा प्लांट गोव्यात वेर्ण्याला, डिझाइन ऑफिस पुण्याला, दोन्हीकडे टीमसेंटरची (डिझाइनचा डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) वेगळी साइट आणि मल्टीसाइटने (साइट एकमेकींना जोडायची त्यातली सोय) जोडलेली. आता पुण्याचं ऑफिस बंद होतंय, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सर्व्हर काढणार म्हणतात. पंपांचे सगळे जुने आयटम आमच्याकडे आहेत पण रेप्लिका म्हणजे नुसती प्रत म्हणून, उघडून बघता येतात, रिव्हाइज करायला गेलं की ओनिंग साइट (मालक साइट) पुणे म्हणून अडतं. हे गोव्याच्या नावावर कसं करायचं? एकजण म्हणतो डेटाबेसमध्ये सरळ एसक्यूएल मारून ओनिंग साइट बदल. करू का?

म्हापसा_ड्राफ्ट्समन:
सेव्ह अ‍ॅज करा ना, नवीन आयटम लोकलच होतो.

फोंडा_अ‍ॅडमिन:
सेव्ह अ‍ॅज चारदोन पार्टना ठीक. पण आयटम आयडी नवा, जुन्या रिव्हिजन मागेच राहतात आणि वरची असेंब्ली अजून जुन्याच पार्टला धरून बसते, मग शॉपमधल्या प्रिंटवर एक नंबर आणि सिस्टममध्ये दुसरा.

आणि एसक्यूएल अजिबात नको भाऊ. जमिनीच्या फॉर्म १ आणि १४ वर आपल्या हाताने नाव लिहिलं म्हणून जमीन आपली होत नाही, मुटेशन (फेरफार) लागतं, तसंच हे. ओनिंग साइट फक्त आयटमवर नसते, रिव्हिजन, डेटासेट (ज्यात फाइली असतात), फॉर्म, बीओएम व्ह्यू (असेंब्लीतल्या पार्टची रचना) प्रत्येकावर वेगळी असते. एखादं सुटलं की अर्धा आयटम तुमचा, अर्धा पुण्याचा. शिवाय पुण्याकडे तो अजून मास्टरच, म्हणजे एका पार्टचे दोन मालक.

पुण्याचा सर्व्हर चालू आहे तोवर ओनरशिप ट्रान्सफर करून घ्या, थोडे असतील तर रिच क्लायंटमधून (टीमसेंटरचा डेस्कटॉप प्रोग्राम), जास्त असतील तर डेटा शेअर नावाच्या कमांड-लाइन युटिलिटीने. चेकआउट असलेलं (कोणी बदलासाठी आपल्या नावावर घेऊन ठेवलेलं) किंवा वर्कफ्लोत (मंजुरीच्या फेरीत) अडकलेलं जात नाही, ते आधी मोकळं करायला सांगा. आधी एक छोटी असेंब्ली आणा आणि डेटासेट उघडून फाइल खरंच आल्यात का बघा, कारण रेप्लिका कधीकधी फाइलशिवाय आणलेल्या असतात. मधेच लाइन तुटली तर घाबरू नका, एन्शुअर साइट कन्सिस्टन्सी नावाची युटिलिटी त्यासाठीच आहे.

वेर्णाकर:
आणि त्यांनी आधीच बंद केला तर?

फोंडा_अ‍ॅडमिन:
मग डेटाबेस आणि व्हॉल्यूम (फाइली ठेवायची जागा) दोन्हीचा बॅकअप लागेल, त्यावरून त्याच साइट आयडीने तात्पुरती साइट उभी करायची आणि तिथून ट्रान्सफर. तेही नसेल तर व्हेंडरच्या सपोर्टकडेच जावं लागेल, स्वतः हात घालू नका. म्हणून दोन्हीचा बॅकअप आजच मागा.

वेर्णाकर:
मागितला. चेकआउटची यादी पण आली, त्यात बरेच पार्ट नोकरी सोडून गेलेल्या एका डिझायनरच्या नावावर आहेत. कॅन्सल चेकआउट मारायला सांगू?

फोंडा_अ‍ॅडमिन:
नको, कॅन्सलने त्याने सेव्ह केलेले बदल उडतील. पुण्याच्या अ‍ॅडमिनला चेक-इन करायला सांगा, मगच ट्रान्सफर.