अनुभव धागा: सायकलचा बिल्ला, गाडीचा टॅक्स अन् रस्ता कोणाचा?

माळ्यावरचा
परवा पुतण्याच्या नव्या गाडीत वणीहून गावाकडे येत होतो. फाट्याच्या आत रस्ता एकपदरी, पावणेचार मीटरचा. डांबर संपलं की वीतभर खोल कड. समोर एक म्हातारा सायकलवर, मागं कॅरिअरला चाऱ्याचा भारा आडवा बांधलेला. पुतण्यानं तीनदा हॉर्न मारला. म्हातारा काही खाली घेईना. घेतली असती तर भाऱ्यासकट पऱ्हाटीत गेला असता. पुतण्या म्हणते, "काकाजी, रोड टॅक्स आपण भरतो अन् हे फुकटे मधातून चालतात."

मी गप बसलो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. पण घरी आल्यावर माळ्यावरची पेटी काढली. तिच्यात बाबांच्या सायकलचा बिल्ला सापडला. पत्र्याचा, मधात नंबर, वरची अक्षरं अर्धी गंजलेली. तेव्हा सायकलवर वर्षाचा कर होता, तो भरला की बिल्ला मिळायचा. बाबा शाळेत शिपाई. एका वर्षी पैसे नव्हते. बाजाराच्या दिवशी बिल्ले तपासणारा माणूस नाक्यावर उभा दिसला तर बाबांनी मला दांडीवरून उतरवलं, सायकल खांद्यावर घेतली अन् आम्ही तुरीतून चालत पलीकडं निघालो. कापडी पिशवीतले वांगे त्यांच्या पाठीवर आपटत होते, तेवढं अजून डोळ्यापुढं आहे.

तर फुकटे आम्ही नव्हतो. तुमच्याकडचं लिहा. सायकल, गाडी, कर, रस्ता, जे आठवल ते.

पांधनवाला
बिल्ला आठवते ना! आमच्या इकडं बंडीलेही कर होता म्हणे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकल अन् जनावरांनी ओढायच्या गाड्या, दोन्हीवर कर लावायची सोय आहे. मी पाच वर्षं सरपंच होतो म्हणून माहीत. लावला नाही. लावला असता तर पुढच्या निवडणुकीत मीच बंडीखाली.

कैचीबहाद्दर
आमच्या वेळेस बिल्ल्यापेक्षा दिव्याचं भ्या जास्त. रात्री दिवा नसला की शिपाई दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा. वॉल काढून खिशात. मग सहा किलोमीटर ढकलत. डबलसीटचं वेगळंच. माझे मोठे भाऊ चौक आला की मले म्हणायचे उतर, मी पळत पलीकडं जायचो अन् तिथून परत बसायचो.

जयस्तंभ चौक
😂😂 आमचंही सेम

वर्धेकरीण
मी शाळेवर आहे. मानव विकास या सरकारी कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलचे पैसे मिळतात, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. आधी ३५०० होते, मग ५००० झाले. त्याहून लांबच्या मुलींना निळी बस. योजना चांगलीच आहे, वाद नाही. पण माझ्या वर्गातली एक मुलगी जुलैत सायकलवर यायची अन् दिवाळीनंतर चालत यायला लागली. विचारलं तर म्हणते, "मॅडम, भाऊ दूध घालाले नेते." सायकल तिच्या नावावर, पावती तिच्या नावावर. मी वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "घरात एकच वाहन आहे मॅडम, दूध नासते, पोरगी नाही नासत." आता यावर काय बोलावं? (बोलले भरपूर. आठ दिवसांनी सायकल परत आली, मागच्या मडगार्डावर दुधाच्या कॅनचे ओरखडे घेऊन.)

पांधनवाला
मॅडम 🙏

सिव्हिलवाला
कोण फुकटा ते बघायचं तर हिशोब लावा. रस्ता झिजते तो चाकाच्या वजनानं, अन् झीज वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. एक्सलवर दुप्पट भार म्हणजे सोळापट झीज. १९५८ ते ६० मधी अमेरिकेत इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यावर लोडेड ट्रक चालवून हे काढलेलं आहे. छोट्या कारच्या एका एक्सलवर अर्धा-पाऊण टन. ट्रकच्या चार टायरच्या एक्सलला २०१८ पासून ११.५ टनाची परवानगी, आधी १०.२ होती. आता चौथा घात करा. एक ट्रक म्हणजे लाखभर कार. सायकलचं तर गणितच मांडू नका, उत्तर शून्याच्या जवळ येते.

म्हणजे पुतण्या अन् म्हातारा दोघंही निर्दोष. तुमच्या गावचा रस्ता रेतीच्या टिप्परनं खाल्ला, पैज लावतो.

माळ्यावरचा
पैज जिंकली भाऊ. रेतीच्या घाटावरून रात्री येतात.

दोन एकर कोरडवाहू
अन् टॅक्सचं म्हणाल तर सगळ्यात फुकट मी भरतो. पेट्रोल-डिझेलवर रस्त्याचा सेस आहे, २००० सालचा केंद्राचा कायदा. माझं ट्रॅक्टर वर्षभरात रस्त्यावर येते कितीदा? पेरणीच्या वेळेस, माल नेतानी, पोळ्याले. बाकी वावरात. डिझेल इंजन तर विहिरीवरून हललंच नाही आजवर, ते पण रस्त्याचा सेस भरते. आमच्या वावराची पांधन मात्र जशीच्या तशी. काळी माती मडगार्डात बसली की सायकल आपल्यावर बसते.

कैचीबहाद्दर
सायकल आपल्यावर बसते 😂 खरं आहे. आमच्या पोट्ट्यांनी मडगार्डच काढून टाकले. मग चिखल सरळ पाठीवर.

मूर्तिजापूर पॅसेंजर
विषय निघालाच तर शकुंतला आगगाडीत सायकल टाकून यवतमाळले जायचो आम्ही. नॅरोगेज, डब्यात बकऱ्या, सायकली, संत्र्याचे टोपले. टीसी आला की सायकल कोणाचीच नसायची.

जयस्तंभ चौक
काका विषय गाडी विरुद्ध सायकल आहे

मूर्तिजापूर पॅसेंजर
तेच सांगून रायलो. दारव्ह्याच्या अलीकडं सायकलनं शकुंतलेले मागं टाकलेलं मी या डोळ्यानं पायलं.

हिंगणघाट
मी गाडीच्या बाजूनं लिहितो, शिव्या घाला. बायकोला रात्री दीडला कळा सुरू झाल्या, रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. माझ्याकडं सायकल. शेजाऱ्याकडं जुनी कार, तिचं मागचं दार आतून उघडत नव्हतं. तो लुंगीवरच निघाला. अकरा किलोमीटर. खड्डा आला की तो गाडी इतकी हळू करायचा की मलाच राग येत होता. मुलगी झाली. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणतो, "तुमचा कापूस गेला का?" अन् विषय बदलला. रस्त्याचा टॅक्स तो भरत असेल नसेल, मला नाही माहीत.

वर्धेकरीण
शिव्या कशाला भाऊ. मुलीचं नाव काय ठेवलं?

हिंगणघाट
परी. आजीनं ठेवलं. आता सहावीत आहे, सायकल मागते 🙂

अकोटचा नातू
२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ चा ५ झाला, छोट्या गाड्यांचा २८ चा १८. साडेपाच हजाराच्या सायकलवर तीन-साडेतीनशे वाचले, तेवढ्यात एक ट्यूब अन् घंटी. गाडीवाल्याचे किती वाचले ते पुतण्याले विचारा. अन् त्यानं जो भरला तो एकरकमी मोटार वाहन कर, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीले ११ टक्के. तो सरकारच्या तिजोरीत जाते, तुमच्या फाट्यावर नाही. गावातल्या रस्त्याले प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, जिल्हा परिषद, असे वेगवेगळे पैसे. त्यात साबणावर, काडीपेटीवर कर भरणारा म्हाताराही आलाच.

सिव्हिलवाला
बरोबर. ग्रामसडकच्या रस्त्याले ठेकेदाराकडं पाच वर्षांची देखभाल असते. बोर्डावर तारीख लिहिलेली असते, वाचून घ्या.

माळ्यावरचा
बोर्ड आहे. तारखेच्या जागी गुटख्याची जाहिरात चिकटवलेली.

दोन एकर कोरडवाहू
😂 चिकटवणाऱ्याले किती दिले असतील

जयस्तंभ चौक
समृद्धीवर तर सायकल, मोटरसायकल, ट्रॅक्टर कोणालेच एन्ट्री नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता, आमच्या गावच्या उशाशी. पोट्टे पुलाखालून सायकल घेऊन जातात अन् वर बघतात.

कैचीबहाद्दर
कोणाकडं २२ इंची जुन्या सायकलचं फ्रीव्हील आहे का? माझ्याचे कुत्रे (आतले अडकणारे दाते) गेले. पायडल मारलं की नुसतं फिरते. दुकानात म्हणतात आता ठेवत नाही.

पांधनवाला
ॲटलास का? साहिबाबादचा कारखाना २०२० मधी बंद पडला, तो पण ३ जूनले, सायकल दिनाच्या दिवशी. माझ्या कोठ्यात एक सांगाडा आहे, फ्रीव्हील चांगलं असल. येऊन पाहून जा.

कैचीबहाद्दर
कोणतं गाव तुमचं?

पांधनवाला
दिग्रसच्या अलीकडं. आर्णीहून या. तुमच्याकडं कापूस वेचाले बाया मिळून रायल्या का?

कैचीबहाद्दर
कुठल्या. किलोले पंधरा म्हणतात, वर गाडी पाठवा म्हणतात. चालत येत नाही आता कोणी.

पांधनवाला
आता वेचणीचा खर्च अन् गाडीचं भाडं दोन्ही कास्तकाराच्या अंगावर. घ्या, आणखी एक टॅक्स.

वर्धेकरीण
माळ्यावरचे भाऊ, बिल्ल्याचा फोटो टाका ना. मुलांना दाखवायचा आहे वर्गात.

माळ्यावरचा
टाकतो मॅडम. पुतण्या घेऊन गेला काल, चिंचेनं घासून आणतो म्हणे. अक्षरं निघाली तर साल कळल. घासताना नंबर नको जायला, तेवढं त्याले फोनवर सांगितलं आहे.